पोट आत, छाती बाहेर

आमच्या शाळेच्या वेळापत्रकात आठवड्यातून दोनदा 'शा. शि.' असं लिहिलेलं असे, आणि दोन्ही वेळा शेवटच्या तासाला. शेवटचाच का, हे पाचवीत नवीन आलेल्या पोरालाही आठ दिवसांत कळे. गणिताचा पोर्शन राहिला की तो तास गणिताला जाई. इंग्रजीचा राहिला की इंग्रजीला. सायन्सच्या बाईंना प्रयोगवह्या तपासायच्या असल्या की त्यांना. आणि कुणाचं काहीच राहिलेलं नाही अशा दुर्मीळ दिवशी पाऊस पडे. माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात शाळा असती तर गोष्ट वेगळी, पण आम्ही पडलो कराडच्या बाजूचे.

गणिताचे सर हा तास कधी धड तोंड उघडून मागत नसत. स्टाफरूममध्ये चहाच्या बशीत बघत ते नुसतं "आज जरा..." एवढंच म्हणत. पी.टी.चे सर मान हलवत. "घ्या. पण पोरांना ताठ बसवा," ही त्यांची एकच अट असे. त्यामुळे आमच्या वर्गात त्रिकोणमिती कुणीही पोक काढून शिकलं नाही. समजलीही कुणाला नाही, पण तो सरांचा विषय नव्हता.

सरांचं खरं नाव पगारबिलावर असे. बाकी सगळीकडे ते 'शिट्टी'. गावात पाहुणा आला आणि त्याने सरांचं नाव घेऊन घर विचारलं तर लोक विचारात पडत. शिट्टीचं घर कुठं म्हटलं तर कुत्रंसुद्धा दाखवून आलं असतं. पांढरी पँट, पांढरा शर्ट, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि त्यावर धुळीमुळे आलेला गावाचा अधिकृत रंग. उंची बेताची, पण ते चालत असे की पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस आत्ताच कुठल्यातरी संचलनातून निसटून आलाय. गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी. लग्नकार्याला ती दोरी सदऱ्याच्या आत जाई, पण जाई; घरी राहत नसे.

त्या शिट्टीला स्वतंत्र व्याकरण होतं. एक लांब म्हणजे या. दोन आखूड म्हणजे आहात तिथे थांबा. तिसरी एक होती, तिला सुरुवात असे पण शेवट नसे. ती ऐकली की ज्याने काहीच केलेलं नाही तोसुद्धा पळत सुटे, आणि सर नेमके त्यालाच पकडत. "काही केलं नाहीस तर पळालास का?" या प्रश्नाचं उत्तर आमच्या गावात अजून कुणाला सापडलेलं नाही.

हुकूम मात्र हिंदीत. गाव मराठी, शाळा मराठी, सर स्वतः पक्के सातारी, पण कवायतीच्या मैदानावर पाऊल ठेवलं की 'दहिने मुड', 'बायें मुड', 'पीछे मुड'. निम्मा वर्ग 'दहिने' ऐकून डावीकडे वळे आणि शेजारच्याच्या नाकाला नाक लावून उभा राही. यावर सरांनी शास्त्रशुद्ध तोड काढली. "दहिने म्हणजे वाण्याचं दुकान, बायें म्हणजे मुतारी. ध्यानात ठेवा." त्या दिवसापासून आमची कवायत बिनचूक झाली. पुढे सव्वीस जानेवारीला तहसील कचेरीच्या मैदानावर तालुक्यातल्या सगळ्या शाळांचं संचलन होतं. तिथे वाण्याचं दुकान नेमकं डाव्या हाताला निघालं. तहसीलदारांना सलामी देण्याऐवजी आमच्या तुकडीने एकदिलाने त्या दुकानाला सलामी दिली. वाणी उठून उभा राहिला म्हणतात.

आता शाळेने या माणसाला नेमलं होतं खेळ शिकवायला. पण शाळेतली जी जी कामं कुठल्याच विषयात बसत नसत ती सगळी शा. शि.मध्ये बसत. सकाळी फाटकावर उभं राहून उशिरा येणाऱ्यांची नाकेबंदी. प्रार्थनेनंतर नखं, केस, गणवेश. आषाढीला दिंडी, भाद्रपदात गणपतीची मिरवणूक, डिसेंबरात सहल, जानेवारीत स्नेहसंमेलनाचा मांडव. स्कॉलरशिपच्या परीक्षेला बाकं लावणं, त्यांवर खडूने नंबर टाकणं आणि परीक्षा संपल्यावर ते पुसणं. निवडणूक आली की मतदान केंद्र. जनगणना आली की दारोदार. खिचडी सुरू झाल्यावर ती आधी चाखून बघण्याचं कामही हळूहळू त्यांच्याकडेच सरकलं, बहुधा त्यांची प्रकृती सगळ्यांत दणकट म्हणून. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या घरच्या लग्नात गाड्या लावायला उभं राहिलेल्या सरांना मी पाहिलंय. दोन आखूड शिट्ट्यांवर जीप, ट्रॅक्टर आणि वऱ्हाडाची एस.टी. जागच्या जागी थांबत होती. उतरून आलेल्या व्याह्यांना सरांनी सवयीने "लाईन धरा" म्हटलं, आणि व्याह्यांनी धरली.

या सगळ्यातून जो वेळ उरे त्यात ते खेळ शिकवत. तो इतका थोडा असे की त्यात खेळाडू घडणं अवघडच होतं. म्हणजे शाळेने त्यांच्याकडून खेळ सोडून सगळं करून घेतलं, आणि त्यांनीही आमच्यातून खेळाडू सोडून सगळं घडवलं. हा हिशोब मला फार उशिरा कळला, पण अगदी चोख आहे.

शाळेच्या मागे, जिन्याखाली 'क्रीडा साहित्य' अशी पाटी असलेली खोली होती. तिची किल्ली सरांच्या कमरेला. आत अंधार आणि कातडं, ओली माती, चुना यांचा मिळून एक वास. तिथल्या प्रत्येक वस्तूला शाळेने दुसरी नोकरी लावून दिली होती. भाल्याने चिंचा पाडल्या जात. गोळाफेकीचा गोळा मुख्याध्यापकांच्या दाराला टेकण म्हणून होता आणि तालुका स्पर्धेच्या आदल्या दिवशी तो परत मागावा लागे. त्या दोन दिवसांत मुख्याध्यापकांचं दार आपटत राही. थाळी पाण्याच्या माठावर झाकण होती. रस्सीखेचीचा दोर मांडवाला. डंबेल्स लाकडी, त्यांतले काही पोषाखी नाटकात गदा म्हणून जाऊन आलेले. लेझिमी तेवढ्या खऱ्या कामात होत्या, कारण चार आवाज आणि आठ आवाज केल्याशिवाय आमच्या तालुक्यात कुठलाही मंत्री गाडीतून खाली पाय ठेवत नसे. फुटबॉल एकच. त्याचं ब्लॅडर सायकलवाल्याकडून पंक्चर काढून काढून इतकं ठिगळांचं झालं होतं की तो सरळ मारला तरी वळण घेऊन जाई. परदेशात असं वळण घालायला लोक वर्षानुवर्षं घाम गाळतात. आम्हाला ते आयतं होतं.

पण सरांना खरं पाहायचं तर शनिवारी सकाळी, शाळा भरायच्या आधी, मैदान आखताना. आमचं मैदान म्हणजे वर्षातले निम्मे दिवस दुसऱ्याच कशाचं तरी असे. बुधवारी बाजार, लग्नसराईत मांडव, एरवी म्हशींचा पायरस्ता. सर पहाटे उठून शेण गोळा करत, खडे वेचत, पाणी मारत. मग दोन खुंट्यांना सुतळी ताणायची, टेप धरायला आमच्यापैकी कुणाला तरी वाकवायचं, आणि डालड्याच्या जुन्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून केलेल्या चाळणीतून फक्की सोडत जायची. डबा हातात, पाय सुतळीच्या दोन बाजूंना, मागे मागे सरकत. हात थरथरला की रेघ फुगते, थांबला की ढीग पडतो. सरांची रेघ पोलिसाच्या पट्ट्यासारखी पडे. सोळा मीटर रुंदी, दोन खांब, त्यांच्यामध्ये मधली पट्टी आणि तीत बसायचे आठ चौकोन, प्रत्येक ३० सेंटीमीटरचा. शेवटचा चौकोन झाला की सर कमरेवर हात ठेवून बाजूला उभे राहत आणि काही बोलत नसत. तेवढ्यात कुणाची तरी म्हैस येई.

खो-खो हा सरांचा धर्म. कबड्डी चाले, पण कबड्डी त्यांच्या मते अंगातली गुर्मी जिरवायला. माणूस बनवायचा तर खो-खो. याची कारणं ते मैदानाच्या मधोमध उभं राहून देत. "आठ जण बसलेत. एकाचं तोंड इकडं, शेजारच्याचं तिकडं. नववा पळतोय. एकदा ज्या बाजूला निघालास त्याच बाजूला जायचं, खांब येईपर्यंत माघारी फिरायचं नाही. मधली पट्टी ओलांडायची नाही. गडी पलीकडं गेला तर त्याच्यामागं उडी नाही मारायची. ज्याचं तोंड तिकडं आहे त्याच्या पाठीमागनं जायचं, हात लावायचा, मोठ्यांदा 'खो' म्हणायचं, आणि त्याच्या जागेवर गप बसायचं. आपण धरलेलं दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि बसायचं. कळतंय का, ठोंब्या?"

ठोंब्या म्हणजे आमच्यातला कोणीही. ते नाव सर वाटून वापरत.

बसणंसुद्धा शिकवायचे. चवड्यांवर, बोटं जमिनीला टेकलेली, मान वर, टाच उचललेली. "खो मिळायच्या आधी ढुंगण उचललं की फाऊल!" हे वाक्य आठवीच्या मुलींच्या बाजूनेही तितक्याच निर्मळपणे ऐकू येई, आणि शेजारच्या वर्गात संस्कृत शिकवणाऱ्या बाई खिडकी लावून घेत. पळतीला तीन-तीनची तुकडी. साखळीने पळणारा पोरगा सरांना फार आवडे. बसलेल्यांच्या मधून नागमोडी जात, एकाला इकडून हूल, दुसऱ्याला तिकडून, खांबापाशी येऊन गिरकी. असा पोरगा दिसला की सर शिट्टी तोंडात धरूनही वाजवायला विसरत. आणि कुणी खांबावर सूर मारून गडी टिपला की त्याचे सोललेले गुडघे सर स्वतः धुऊन देत. आयोडीनची बाटली त्यांच्या खिशात असे. आयोडीन लागल्यावर जो ओरडेल त्याला मैदानाला दोन फेऱ्या. त्यामुळे आमच्या गावातली माणसं आजही दवाखान्यात इंजेक्शन घेताना हसतात आणि डॉक्टर घाबरतात.

तालुका स्पर्धा म्हणजे वर्षातली एकमेव लढाई. ती खेळाडूंमध्ये कमी आणि प्रवेशिकांमध्ये जास्त लढली जाई. चौदा वर्षांखालच्या गटात समोरच्या शाळेचा संघ मैदानात उतरे, तेव्हा आमच्या सर्वांत उंच पोराचं डोकं त्यांच्या कप्तानाच्या बगलेत लागे. कप्तानाला मिशी. त्याच्यामागच्याला दाढीचे खुंट. एकदा तर त्यांच्यातला एक जण मध्यंतरात घरी फोन करून "बाळ झोपलं का?" विचारत होता. धाकटा भाऊ असेल, असं त्यांचे शिक्षक म्हणाले. सर हरकतीचा अर्ज लिहायला बसत. बोनाफाईड मागवले जात. आणि दरवेळी तेच निघे: त्या संघातल्या बारा पोरांपैकी नऊ जणांची जन्मतारीख १ जून. गावोगावच्या गुरुजींनी पहिलीत नाव घालताना ज्याची तारीख घरच्यांना सांगता आली नाही त्याला शाळा सुरू व्हायच्या हिशोबाने १ जून बहाल केलेली. "एकाच दिवशी एका गावात नऊ बाळंतपणं?" सर पंचांना विचारत. पंचांची स्वतःची तारीख १ जून असे. मग हरकत फेटाळली जाई.

आम्ही हरायचो. फार वाईट हरायचो. हरल्यावर सर कधी ओरडले नाहीत. पिशवीतून लिंबाच्या फोडी काढून वाटत, ग्लुकोजचा पुडा फिरवत, आणि एस.टी. येईपर्यंत प्रत्येकाला सांगत की तू कुठे चुकलास. तेसुद्धा असं की ज्याला सांगितलं तो खूश होऊन जाई. येताना तिकिटाचे पैसे पुरले नाहीत की सर कंडक्टरशी हळू आवाजात बोलत. कंडक्टर बहुतेक वेळा त्यांचाच विद्यार्थी निघे आणि उभा राहून तिकिटं फाडे. बसायची त्याची हिंमत होत नसे.

पावसाने मैदान बुडालं की तास वर्गात होई आणि मग सर इतिहास सांगत. अभ्यासक्रमातला नव्हे. त्यांचं बी.पी.एड. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या महाविद्यालयातलं, आणि मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिकडे जाऊन कबड्डीची प्रात्यक्षिकं करून आलं, ही घटना ते अशी सांगत की ते स्वतः त्या पथकात होते असं आम्हाला वाटे. त्यांचा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला होता, पण एवढ्या तेवढ्या तपशिलाला कोण विचारतो. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हिटलर खेळला का?" सरांनी गंभीरपणे विचार केला. "मध्यरेषा ओलांडली असती तर चवडा धरला असता त्याचा. मग कळलं असतं."

दुसरा विषय खाशाबा. गोळेश्वर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे खाशाबा जाधव म्हणजे घरचाच माणूस. १९५२, हेलसिंकी, बँटमवेट, कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर पुढचं वैयक्तिक पदक थेट १९९६ला लिअँडर पेसचं. मधल्या ४४ वर्षांत काय झालं याचा सरांकडे स्पष्ट खुलासा होता: "तुमच्यासारखी पोरं झाली." पण त्यांचा आवडता भाग वेगळाच. खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकलं, सात हजार रुपयांना. हे सांगताना सर आवाज चढवत, कारण भिंतीपलीकडे मुख्याध्यापकांची खोली होती. आमच्या मुख्याध्यापकांकडे तेव्हा खो-खोच्या खांबांसाठी मागितलेल्या रकमेचा अर्ज दोन वर्षं पडून होता. भिंतीपलीकडून कधीच उत्तर आलं नाही. दाराला टेकलेला गोळा तेवढा एकदा घरंगळल्याचं आठवतं.

खेळाडू घडले नाहीत म्हणालो, त्याला एक अपवाद आहे आणि तो सरांनी भांडून मिळवलेला. आमच्या खालच्या वर्गात एक मुलगी होती. ती साखळीत शिरली की पाठलाग करणारीच दमून बसे. जिल्ह्याला निवड झाली तसा बाप अडून बसला. पोरगी अर्ध्या चड्डीत चार गावांत पळणार म्हणजे लोक काय म्हणतील? सर त्याच्या ओसरीवर जाऊन बसले. चहा नको म्हणाले, हीच मोठी गोष्ट होती. "अहो दादा, पोरगी पळती म्हणजे पळून जात नाही," एवढंच ते बोलले असं तिथे असलेले सांगतात. बाप हसला आणि फसला. ती राज्यापर्यंत खेळली, खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून पोलिसात लागली, आणि आज गावात तिच्या बापाला लोक उठून जागा देतात. बाप आता पोरींना खेळवावं यावर चावडीवर भाषण देतो. त्यात सरांचं नाव येत नाही, पण 'पळती म्हणजे पळून जात नाही' हे वाक्य तो स्वतःचं म्हणून सांगतो.

अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि सर निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आयुष्यभर स्टॉपवॉच मागणाऱ्या माणसाला शेवटी घड्याळ दिलं, हे शाळेचं औदार्य मान्य करायला हवं. भाषणात प्रत्येक जण म्हणाला की सरांची जागा कुणी भरून काढू शकणार नाही. हे शब्दशः खरं निघालं. संचमान्यतेत ते पदच गेलं. आता शिट्टी गणिताच्या सरांकडे आहे आणि शा. शि.चा तास आपण कुणाकडे मागायचा, या पेचात ते पडलेत.

निवृत्तीनंतर सरांना गाव मोकळं मिळालं. सकाळी एस.टी. स्टँडसमोरच्या कट्ट्यावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याचं पोट तपासत. "पोट आत!" अशी हाक आली की चालता माणूस चालताना पोट आत घेई आणि कोपऱ्यावरून वळेपर्यंत तसंच धरून ठेवी. बँकेचा मॅनेजर, दुधसंघाचा चेअरमन, नवीन आलेला फौजदार, कुणाचीच सुटका नव्हती. गावातल्या एका डॉक्टरांनी मला सांगितलं की रक्तदाब तपासायला येणाऱ्यांपैकी स्टँडवरून चालत आलेल्यांचा जरा जास्त भरतो, म्हणून ते त्यांना दहा मिनिटं बसवून घेतात.

टीव्हीवर प्रो कबड्डी सुरू झाली, २०१४ साली, तेव्हा सर आधी दोन दिवस रुसले होते. मॅट, बूट, रंगीत दिवे, आणि चढाई करणाऱ्याचा दम ऐकूच येत नाही म्हणून. "कबड्डी-कबड्डी म्हणतोय का ओठ हलवतोय, कसं कळायचं?" तिसऱ्या दिवसापासून ते रोज पाहू लागले आणि सोफ्यावरूनच खेळाडूंना दुरुस्त करू लागले. अल्टिमेट खो-खो २०२२ला बालेवाडीत सुरू झाली तेव्हा मात्र प्रकरण चिघळलं. तिथे 'वजीर' नावाचा एक गडी असतो आणि त्याला कुठल्याही दिशेला वळायची मुभा. सरांनी रिमोट खाली ठेवला. ज्या माणसाने हयातभर पोरांना सांगितलं की निघालास त्याच बाजूला जायचं, त्याच्यासमोर भर मैदानात एक गडी खुशाल माघारी फिरत होता आणि पंच टाळ्या वाजवल्यासारखा गुण देत होता. "हा वजीर नव्हे, पुढारी आहे," सर म्हणाले. गावात तीन जणांनी ते मनावर घेतलं.

जानेवारी २०२५मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० हरवलं, पुरुषांनी ५४-३६. दोन्ही कप्तान महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. सरांच्या घरी त्या रात्री टीव्हीपुढे मावेल एवढं गाव जमलं होतं. सामना संपल्यावर कुणीतरी म्हणालं, "सर, आता तरी खूश?" सर म्हणाले, "पोरींच्या टाचा बघितल्यास का बसताना? उचललेल्या होत्या." आणि पेढे वाटायला उठले. पेढे त्यांनी आधीच आणून ठेवलेले होते, फडताळात, हरलो असतो तर शनिवारी मारुतीला चढवायचे म्हणून.

त्याच वर्षी पावसाळ्यात सर गेले. झोपेत, कुणाला त्रास न देता, आणि दुपारी अडीच वाजता ठरलेल्या अंत्ययात्रेला अर्थातच पाऊस आला. कुणीतरी म्हणालं, शेवटचा तास होता ना, आणि खांदेकऱ्यांसकट सगळे हसले. असं हसू आलेलं त्यांना आवडलं असतं का, सांगता येत नाही. रांग मोडली म्हणून ओरडले मात्र नक्की असते.

शोकसभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. भाषणं झाली, त्यांत सरांच्या शिस्तीचं इतकं कौतुक झालं की शेवटच्या वक्त्याला वेळेत थांबवायला कुणी उरलं नाही. मग नवीन मुख्याध्यापक म्हणाले, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या. दोनेकशे माणसं उठली. आणि आपोआप सरकू लागली. ठेंगणी पुढे, उंच मागे, हातभर अंतर. सरपंच दुसऱ्या रांगेतून स्वतःहून चौथ्या रांगेत गेले. टाचा जुळल्या, मुठी शिवणीवर, पोटं आत. जी पोटं आत जाण्याच्या पलीकडे गेली होती त्यांच्या मालकांनी निदान श्वास धरला. दोन मिनिटं झाली. मुख्याध्यापक म्हणाले, "बसा." कुणी बसेना. ते पुन्हा म्हणाले. ते बाहेरगावचे, त्यांना काय कळणार. शेवटी मागून त्या पोलिसातल्या मुलीचा आवाज आला, "विश्राम!" आणि दोनशे डावे पाय एकदम हलले. मग लोक बसले. तीनचार जण फेऱ्या मारायच्या आहेत का, असं एकमेकांना खाणाखुणांनी विचारत होते.

त्याच रात्री माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरांच्या स्मृतीप्रीत्यर्थ स्पर्धा घ्यायची ठरलं. पुण्यात असलेल्यांचं मत पडलं बॉक्स क्रिकेट. दुबईत असलेल्या एकाने मॅरेथॉन सुचवली, कारण त्याला ती धावायची नव्हती. गावातल्यांनी खो-खो धरून ठेवला. गट ठरला, चाळिशीच्या पुढचे. तरुण पोरांना बोलवू, असं कुणी सुचवलं नाही. त्यांना बोलवलं असतं तर आपण हरलो असतो हे उघड होतं.

फक्की टाकायला कुणालाच येत नव्हती. डबा सापडला, रेघ फुगली, ढीग पडले. तरी सहा संघ उतरले. पहिल्याच सामन्यात हरकत आली. दुधसंघाच्या संघातला एक गडी चाळिशीचा वाटेना. पोट नाही, केस काळे, साखळीने पळतो म्हणजे काय? चेअरमन म्हणाले, तो एकेचाळीसचा आहे, फक्त डाळभात खातो. विरोधी संघाने आधार कार्ड मागवलं. जन्मतारीख १ जून. मग चेअरमननी उलट हरकत घेतली आणि समोरच्या सगळ्यांची कार्डं मागवली. त्यांच्यातल्या सात जणांची १ जून, आणि तीही आमच्याच शाळेने दिलेली. पंच म्हणून आलेल्या पोलिसातल्या मुलीने स्वतःची तारीख कुणाला सांगितली नाही. तिने तिसरी शिट्टी वाजवली, तीच, जिला सुरुवात असते पण शेवट नसतो, आणि दोन्ही संघ काहीही न केलेल्या माणसांसारखे मैदानाच्या चारी बाजूंना पळत सुटले.

हरकतीची फी शंभर रुपये ठेवली होती. दिवसअखेर ती प्रवेशफीपेक्षा जास्त जमली. त्या पैशांतून पुढच्या वर्षासाठी दोन शिट्ट्या आणि फक्कीचं एक पोतं घेतलं, आणि बाकीच्या सगळ्या रकमेचं गुडघ्याला लावायचं मलम.